ओलोकोच्या बायका 'बसल्या' तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

आग्नेय नायजेरियात 1929 साली जे घडलं त्याची सरकारी दप्तरात 'आबाची दंगल' अशी नोंद आहे. ज्या इग्बो बायकांनी ते घडवलं, त्या त्याला 'ओगू उमुन्वान्यी' म्हणतात. म्हणजे बायकांचं युद्ध. मीही तेच नाव घेणार आहे. दंगल म्हटलं की माथी भडकलेला जमाव डोळ्यांपुढे येतो, आणि हे जिथे सुरू झालं त्या ओलोको गावात तर एकेक पाऊल पूर्वापार रीतीने पडलं होतं.

ही रीत आधी समजून घेऊ. बहुतेक इग्बो गावांत राजा नव्हता. वडीलधारे पुरुष सभेत निर्णय करत, आणि बायकांची त्यांची स्वतःची सभा असे, तिला म्हणत मिकिरी. लग्न होऊन गावात आलेल्या सगळ्या बायका तिच्या सभासद. बाजाराचे नियम तीच ठरवी, मोडणाऱ्याला दंड तीच करी. एखाद्याची गुरं बायकांच्या पिकात शिरली, कोणी बायकोला छळलं, कोणी बाजाराचा नियम मोडला, तर आधी समज दिली जाई. त्याने ऐकलं नाही, तर बायका त्याच्यावर 'बसत'.

बसणं म्हणजे काय? ठरलेल्या वेळी सगळ्यांनी त्याच्या आवारात जायचं. त्याने काय केलं ते गाण्यातून साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगायचं, त्याच्या मर्दपणाची लाज काढायची, नाचायचं. याम नावाचा कंद कुटायच्या मुसळांनी त्याच्या झोपडीच्या भिंती बडवायच्या. तरी तो बधला नाही, तर झोपडीला चिखल थापायचा किंवा ती पाडायचीसुद्धा. चूक कबूल करून पुन्हा तसं करणार नाही असं म्हणेपर्यंत उठायचं नाही. यात पुरुष मध्ये पडत नसत.

इंग्रजांना या समाजात राजा सापडेना, म्हणून त्यांनी माणसं निवडून हातात सनद दिली आणि त्यांना प्रमुख केलं. हेच 'वॉरंट चीफ'. त्यांना नेटिव्ह कोर्टात, म्हणजे स्थानिक लोकांसाठी काढलेल्या सरकारी कोर्टात बसवलं. गावाला हा माणूस मान्य आहे का, हे विचारलं नाही. मिकिरी तर गोऱ्या अधिकाऱ्यांना दिसलीच नाही. सनद मिळालेल्यांपैकी कित्येकांनी लाच खाल्ली, आणि वधूमूल्य पुरतं न भरता मुली घरात आणल्या.

मग कर आला. आधी पुरुषांची मोजणी झाली. ही नुसती शिरगणती आहे, असं त्यांना सांगितलं गेलं. 1928 मध्ये त्याच मोजणीवर कर वसूल झाला. हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या भीतीचं मूळ इथे आहे. नवऱ्याच्या करातला वाटाही बायकोच्या कमाईतून जाई. तिची कमाई म्हणजे तेल देणाऱ्या पाम झाडाच्या बियांतला गर. फळं उकडायची, उखळात कांडायची, चोथा हातांनी पिळून तेल काढायचं. ते तेल नवऱ्याचं. आतली कठीण बी दगडाने फोडून जो गर निघे, तो बायकोचा. 1929 मध्ये तेल आणि गर दोन्हींचे भाव पडले होते.

त्याच वर्षी बेंडे भागात नवा अधिकारी आला. जुन्या याद्या अपुऱ्या वाटल्या म्हणून त्याने बायका, मुलं, शेळ्यामेंढ्या यांचीही मोजणी करायचा हुकूम सोडला. मोजणी झाली की मागून कर येतो, हे बायकांनी पाहिलं होतं; आता तो आपल्यावरही बसणार, अशी भीती त्यांना वाटली. ओलोकोचा वॉरंट चीफ ओकुगो याने हे काम मार्क एमेरुवा नावाच्या मास्तरावर सोपवलं. नोव्हेंबरात तो ओजिमच्या आवारात शिरला, तेव्हा ओजिमची बायको न्वान्येरुवा तेल पिळत होती. घरातली माणसं आणि शेळ्यामेंढ्या मोज, असं त्याने तिला सांगितलं. तुझ्या आईची मोजणी झाली होती का, असा तिने उलटा सवाल केला. दोघांनी एकमेकांचा गळा धरला. तिचे हात तेव्हा तेलाने माखलेले होते.

न्वान्येरुवा थेट बायकांच्या सभेकडे धावली. पामची पानं घेऊन निरोप गावोगाव गेले. हजारो बायका आल्या, चेहऱ्याला राख फासलेली, डोक्याला नेच्याचा पाला, हातात पामच्या पानांनी गुंडाळलेल्या काठ्या. त्या ओकुगोवर बसल्या आणि त्याच्या अधिकाराची टोपी काढून घ्या म्हणाल्या. त्याच्यावर खटला झाला, दोन वर्षांची शिक्षा झाली. ओलोकोत त्यांची रीत सफल झाली होती.

बातमी पसरली तशी ही चळवळ सुमारे 6,000 चौरस मैलांत गेली. डिसेंबरात आबा गावी एका गोऱ्याच्या मोटारीखाली दोन बायका सापडल्या आणि तिथे पेढ्या, बँक, तुरुंग सगळ्यांवर राग निघाला. एकूण 16 नेटिव्ह कोर्टांवर हल्ले झाले. नेमकी कोर्टंच का, हे उघड आहे. वॉरंट चीफ तिथेच बसत.

16 डिसेंबरला ओपोबो गावात जमलेल्या बायकांचं मागणं होतं, की बायकांवर कर बसवणार नाही, हे आम्हाला लेखी द्या. अधिकारी ते टाइप करवून घेत होते. गर्दीने कुंपण रेटलं आणि सैनिकांनी गोळीबार केला. आपल्यावर गोळी चालणार नाही, असा बायकांचा पक्का समज होता. साऱ्या भागात मिळून 50 हून अधिक बायका मेल्या. दुसऱ्या बाजूला एकही माणूस गंभीर जखमी झाला नाही. दंगल हा शब्द मला खटकतो तो यासाठीही.

1930 साली चौकशी आयोग बसला. त्यात लागोसचे दोन आफ्रिकी वकील होते, पण बाई एकही नव्हती. वॉरंट चीफ गेले, कोर्टात अनेक वडीलधारे एकत्र बसू लागले. पण त्याच नव्या व्यवस्थेत गावाने आपणहून केलेली शिक्षा गुन्हा ठरली, आणि माणसावर बसणंही त्यातच आलं. आता एखाद्याची गाय पिकात शिरली, तर बाईने मुसळ घरी ठेवून, जिथे बहुतेक पुरुषच बसत त्या कोर्टात दाद मागायची होती.