कटासराजचे तळे आणि आपला सडा

श्रोतेहो, नमस्कार.

पाकिस्तानातील पंजाब प्रांतात, चकवाल जिल्ह्यातल्या मिठाच्या डोंगररांगेत कटासराज हे प्राचीन शिवतीर्थ आहे. सतीच्या वियोगाने शंकराच्या डोळ्यांतून ओघळलेल्या अश्रूंपैकी एक पुष्करला पडला आणि एक कटासला, अशी श्रद्धा आहे. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच तळ्याकाठी, असेही भाविक मानतात. फाळणीनंतर भोवतालची हिंदू वस्ती निघून गेली, पण तळे राहिले.

पुढे ते आटू लागले. २०१७ साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याची दखल घेतली, तेव्हा आसपासचे सिमेंट कारखाने खोल बोअर मारून करत असलेला भूजलाचा उपसा हे त्याचे मोठे कारण म्हणून पुढे आले. हा उपसा थेट तळ्यातून नव्हता, तरी तळे आटत गेले. कारण त्याचे झरे ज्या जमिनीखालून येत होते, ती जमीनच रिती होत होती. कारखान्यांनी पाण्याची दुसरी सोय करावी आणि वापरलेल्या पाण्याचे पैसे भरावेत, असा आदेश २०१८ साली झाला. इकडे पुष्करचे ५२ घाटांचे सरोवरही २००९ साली कोरडे पडले होते.

हे दूरचे दुःख म्हणून मला सोडून देता येत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही वैशाखात कितीतरी देवळांमागच्या तळीत उतरले, तर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर सुकलेल्या शेवाळाची रेघ डोक्याच्याही वर दिसते आणि अभिषेकाची कळशी खाली वाटीवाटीने भरावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडलेले पाणी त्यातून झिरपते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्या सड्यावर चिरेखाण निघाली, झाडी तुटली, बागेसाठी बोअरमागून बोअर पडले, की झरा लवकर आटतो. मालवण तालुक्यात धामापूरला भगवती मंदिरालगतचा तलाव सोळाव्या शतकापासून टिकून आहे, आणि त्याच्या भोवतालची गर्द झाडी पाहिली की त्याचे कारण वेगळे शोधावे लागत नाही.

जीर्णोद्धारासाठी आपण सढळ हाताने वर्गणी देतो, तळीला नव्या फरश्या बसवतो. माझी कळकळीची विनंती आहे की, यापुढे सड्यावरच्या खाणीचा किंवा बोअरचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा देवस्थानाच्या मानकऱ्यांनी तिथे हजर राहावे, आणि आपल्या तळीचा झरा कोणत्या बाजूने येतो हे गावातल्या जाणत्यांना विचारून ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

नमस्कार.