बसायला जागा

[दृश्य: बसथांब्यावरचा बाक, जवळून]
हा बाक जरा नीट बघा. तिघं आरामात बसतील एवढा लांब आहे, पण मध्ये दोन लोखंडी दांडे बसवलेत. हात टेकायला म्हणावं, तर फार अरुंद आणि फार बुटके. कुणी इथे आडवं होऊ नये, एवढंच त्यांचं काम.

[दृश्य: उतरती बैठक, कठड्यावरच्या खुंट्या]
या बाकाची बैठक पुढे उतरती आहे. थोडा वेळ बसलं की मांड्यांना रग लागते आणि माणूस आपणच उठतो. पलीकडच्या कठड्यावर हातभर अंतरानं धातूच्या खुंट्या आहेत.

यातलं काहीही चुकून घडलेलं नाही. लंडनमधल्या कॅम्डन भागाच्या स्थानिक प्रशासनानं २०१२ मध्ये काँक्रीटचा एक बाक खास बनवून घेतला. त्यावर झोपता येत नाही, स्केटबोर्ड घासता येत नाही, खाली काही लपवता येत नाही. काय करता येऊ नये हे आधी ठरलं, मग त्यावरून बाकाचा आकार.

[दृश्य: मोबाईलचा पडदा, भराभर येणारे संदेश]
असे बाक मागतं कोण? बऱ्याचदा आपणच. रिकाम्या बसलेल्या पोरांचा किंवा झोपलेल्या माणसाचा फोटो परिसराच्या ग्रुपवर पडतो. खाली अंगठ्यांची रांग लागते. ‘बाकच काढून टाका’ असं कुणीतरी लिहितं आणि ते सगळ्यांचं मत ठरतं. ज्याचा फोटो आहे, तो त्या ग्रुपमध्ये नसतो. त्याला कुणी विचारतही नाही.

[दृश्य: इमारतीसमोरचा रिकामा चौक]
आता ही जागा. स्वच्छ, चकचकीत फरशी, आणि चिटपाखरू नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६१ च्या नियमानं बांधकाम व्यावसायिकांना सवलत मिळाली: इमारतीसमोर लोकांसाठी मोकळी जागा सोडा, बदल्यात जादा मजले चढवा. दाट वस्तीच्या भागात सोडलेल्या एका चौरस फुटामागे तब्बल दहा चौरस फूट जादा बांधकाम. चौक भराभर झाले, पण कित्येक ओसच राहिले.

शहरातली माणसं मोकळ्या जागा कशा वापरतात याचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांना याचं कारण हवं होतं. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी या चौकांवर कॅमेरे रोखले. ठरावीक अंतरानं एकेक चित्र टिपत राहायचं आणि मग माणसं मोजायची. आधी वाटलं, ऊन असेल तिथे गर्दी असेल. आकडे जुळेनात. मग जागेचा आकार तपासला, क्षेत्रफळ तपासलं. तेही जुळेना. शेवटी जे हाती आलं ते इतकं साधं होतं, की आधी सुचलं नाही याचंच नवल: जिथे बसायला जागा, तिथे माणसं बसतात. पायरी चालते, कारंज्याचा काठ चालतो, रुंद कठडा चालतो. १९७५ मध्ये न्यूयॉर्कचा नियम सुधारला. चौकाच्या दर तीस चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक बंधनकारक झाली.

[दृश्य: बागेतल्या सुट्या खुर्च्या]
या बाई बघा. खुर्ची जराशी सरकवतात आणि मगच टेकतात. खुर्ची जवळपास होती तिथेच आहे. व्हाइट यांच्या कॅमेऱ्यांनीही हेच पुन्हा पुन्हा टिपलं होतं. ती इंचभर सरकवासरकव म्हणजे ‘ही जागा आत्ता माझी’ असं सांगणं आहे. जमिनीत ठोकलेल्या बाकावर हे सुख मिळत नाही.

[दृश्य: बाक उखडल्यानंतर उरलेले बोल्ट]
बाक गेला की म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि गुडघे दुखणारे बाहेर पडणं कमी करतात.

[दृश्य: पुन्हा सुट्या खुर्च्या, लांबून]
‘नको ती माणसं येतील’ या भीतीलाही व्हाइट यांनी उत्तर दिलं होतं. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क तेव्हा अमली पदार्थ विकणाऱ्यांचा अड्डा झालं होतं. बाकीच्या सगळ्यांना तिथे यावंसं वाटेल असं करा, असा त्यांचा आग्रह होता. रस्त्यावरून आतलं दिसेल, सहज शिरता येईल अशी मोकळी करा, हे त्यांनी सुचवलं. १९८८ मध्ये कामासाठी बंद झालेली बाग १९९२ मध्ये पुन्हा उघडली, ती सुट्या खुर्च्यांसह. त्या खुर्च्या आजही तिथे आहेत. कुणीही यावं, हवी ती उचलावी, हवी तिथे नेऊन बसावं.