गाणे म्हणून पाहायचा चित्रपट : ‘स्ट्रीट्स ऑफ फायर’

मंडळी, चित्रपट संपून दिवे लागले तेव्हा मी मुद्दाम थोडा वेळ गप्प राहिलो, कारण तुमची आपापसातली कुजबुज मला ऐकायची होती. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “देखणा आहे, पण यात गोष्टच नाही.” मागून एका तरुण मुलीचा आवाज आला, “ते शेवटचं गाणं पुन्हा लावा ना.” वॉल्टर हिल यांचा हा चित्रपट १९८४ च्या जूनमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून त्याच्याविषयीची मते या दोन वाक्यांभोवतीच फिरत आली आहेत. मला वाटते, त्या गृहस्थांनी ज्या उणिवेवर बोट ठेवले, तिच्यातूनच त्या मुलीचा आनंद आला आहे.

गोष्ट पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. एलन एम ही रॉक गायिका आपल्या जुन्या वस्तीत कार्यक्रमाला येते. रेव्हन शॅडॉक आणि त्याची मोटारसायकलवाली टोळी तिला भर मंचावरून पळवून नेते. आणि तिचा पूर्वीचा प्रियकर, सैन्यातून आलेला टॉम कोडी, तिला सोडवून आणतो. चित्रपट स्वतःला रॉक अँड रोलची दंतकथा म्हणवतो आणि काळ-स्थळाची ओळख ‘दुसरा काळ, दुसरी जागा’ एवढ्यावर भागवतो. किशोरवयात आपल्याला जे जे थरारक वाटत असे ते सगळे एका चित्रपटात असावे, अशी हिल यांची कल्पना होती : सजवलेल्या मोटारी, पावसातले चुंबन, निऑनचे दिवे, रात्रीच्या आगगाड्या, चामडी जाकिटे आणि इभ्रतीचे प्रश्न. त्या वयात मनातल्या नायकाला पूर्वायुष्य नसते, आणि टॉमलाही ते जवळजवळ नाही.

सुरुवातीचे गाणे आठवा. एलन गाते आहे, उंचावलेल्या हातांच्या काळ्या आकृती तालावर हलत आहेत, आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला काही माणसे नुसती उभी आहेत. रेव्हन झालेल्या विलेम डफोचा चेहरा आधी अंधारात असतो. मग त्याच्यावर हळूहळू उजेड येतो आणि ती स्थिर नजर दिसते. तोवर संवादातून काहीही सांगितलेले नसते, तरी पुढे काय होणार हे आपल्याला पुरते कळलेले असते. हे काम ढोलाने, संकलनाच्या कात्रीने आणि छायालेखक अँड्र्यू लॅझ्लो यांच्या प्रकाशयोजनेने केले आहे.

ही रात्रही मोठ्या कष्टाने घडवलेली आहे. काही चित्रीकरण शिकागोत, डोक्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाखाली झाले. पण वस्तीचा मोठा भाग युनिव्हर्सलच्या आवारात उभारला गेला आणि दिवसाउजेडी रात्र मिळावी म्हणून ते रस्तेच्या रस्ते प्रचंड ताडपत्रीने झाकले गेले. या शहराला आकाश नाही असे ज्यांना वाटले, त्यांना अगदी बरोबर वाटले.

एलनची भूमिका करणाऱ्या डायन लेनचा गाण्यातला आवाज तिचा नाही. लॉरी सार्जंट आणि हॉली शेरवूड या दोन गायिकांचे आवाज त्यासाठी वापरले गेले. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला यात खटकण्याजोगे काही नाही. पडद्यावरचा चेहरा आणि गळा वेगळे असतात हे आपण लहानपणीच मान्य केलेले असते. जिम स्टाइनमन यांनी लिहिलेली पहिली आणि शेवटची गाणी इतक्या चढ्या भावनेची आहेत, की ती एका माणसाच्या गळ्यातून आली नाहीत हे मला योग्यच वाटते.

तिकीटबारीवर चित्रपट पडला. सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलर खर्च झाला आणि अमेरिकेत परत आले ते ८० लाखांच्या आसपास. तीन चित्रपटांची मालिका योजलेली होती, ती तिथेच थांबली. पण त्यातलेच ‘आय कॅन ड्रीम अबाउट यू’ हे गाणे डॅन हार्टमन यांच्या आवाजात अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. जपानमध्ये तर ‘किनेमा जुनपो’ या मासिकाच्या वाचकांनी याला वर्षातला सर्वोत्तम परदेशी चित्रपट ठरवले.

आता आपल्या घरातले उदाहरण. १९८८ चा एन. चंद्रा यांचा ‘तेजाब’ याच सांगाड्यावर उभा आहे : मंचावर गाजणारी मोहिनी, तिला पळवणारा लोटिया पठाण, तिला सोडवायला निघालेला मुन्ना. पण चंद्रांनी ‘यात गोष्टच नाही’ ही तक्रार जणू आधीच ऐकली होती. त्यांचा मुन्ना मुळात महेश देशमुख आहे, कॅडेट आहे, बँकेवरच्या दरोड्यात आईवडील गमावलेला आहे. मोहिनीच्या मागे तिच्या कमाईवर जगणारा बाप आहे. हिल यांनी जे जे रिकामे सोडले, ते चंद्रांनी मुंबईच्या जगण्याने भरून काढले. आपल्याकडे ‘तेजाब’ तुफान चालला. ‘एक दो तीन’ नव्या पिढीलाही पाठ आहे, तरी मुन्नाच्या दुःखाशिवाय तो चित्रपट कुणाला आठवत नाही. ‘स्ट्रीट्स ऑफ फायर’मधून मात्र माणसाचे दुःख घरी येत नाही, येतो तो ताल आणि ओल्या रस्त्यावरचा लाल-निळा उजेड. दोन्हींवर माझे प्रेम आहे, पण एकाच मापाने दोन्ही मोजणे मला अन्यायाचे वाटते.

एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही. शेवटच्या झुंजीआधी एलन मागे यायचा हट्ट धरते म्हणून टॉम तिला ठोसा मारून बेशुद्ध करतो. दंतकथेचा नायक आहे, तिच्या भल्यासाठीच करतो, असे समर्थन अनेक चाहते करतात. मला ते पटत नाही. हाच टॉम एलनला सोडवण्याबद्दलच्या दहा हजार डॉलरांच्या बक्षिसातले आपल्या साथीदार मॅकॉयला कबूल केलेले तेवढे ठेवतो आणि बाकीचे परत करतो. त्याची इभ्रत दाखवायला तेवढे पुरे होते.

त्या मुलीच्या विनंतीप्रमाणे शेवटचे गाणे आता पुन्हा लावतो. या वेळी टॉमकडे पाहा. तो थोडा वेळ उभा राहून ऐकतो आणि गाणे चालू असतानाच बाहेर पडतो. बाहेर मॅकॉय गाडी घेऊन आलेली असते आणि आत एलन अजून गातच असते.