पॅड नवे, प्लेट जुनी

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय: 'ब्रेक पॅड बदलताना डिस्क कशी तपासावी'. त्याकडे येतोच. आधी नखाबद्दल बोलू द्या, हे दुखणं जुनं आहे.

पॅड बदलायला गाडी गॅरेजला लावा. मिस्त्री चाकापाशी उकिडवा बसतो, डिस्कवरून, म्हणजे आपल्या भाषेत प्लेटवरून, अंगठ्याचं नख फिरवतो आणि निकाल देतो, "प्लेट ओके आहे साहेब." नखाला चर कळतो, मान्य. जाडी कशी कळणार? रोजच्या वापराच्या बऱ्याच दुचाकींची प्लेट नवी असताना ४ मिलिमीटर असते आणि ३.५ ला बाद होते. सगळा खेळ अर्ध्या मिलिमीटरचा, तोही दोन बाजूंत वाटलेला. नखाला एवढं कळत असेल तर त्या माणसाने गॅरेजात कशाला बसावं, टूलरूममध्ये हात जोडून नेतील त्याला!

आमच्या गल्लीत एक निवृत्त फिटर आहेत. ते नखवाले नव्हेत. व्हर्नियर घेऊन उतरले, प्लेट मोजली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, चारला चार! उगाच खर्चात पाडता लोकांना." आता गंमत ऐका. पॅड प्लेटच्या अगदी बाहेरच्या काठापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ताटाला असते तशी कड राहते, आणि ती कड नव्याइतकीच जाड असते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसले होते. मी मायक्रोमीटर आत, पॅड घासतो त्या पट्ट्यात लावला. ३.४! त्यावर काकांनी माझ्या मायक्रोमीटरची जात काढली. शेवटी प्लेटवरचा चिखल पुसला, तर 'मिन टीएच ३.५', म्हणजे किमान जाडी ३.५, असं कोरलेलं. एवढी वर्षं त्यांच्याच गाडीवर होतं ते. पुसायला रॉकेलचा बोळा आणत होते, तो मी अडवला. प्लेटला तेलकट काही लागलं की नवे पॅडही वाया जातात.

हसताय, पण बाहेर लावलेल्या तुमच्या गाड्यांवरचा आकडा किती जणांनी वाचलाय? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, उत्तमच झालं. पण एबीएस काही प्लेटची जाडी मोजत नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. विषय अजून फळ्यावरच आहे, तेव्हा भराभर सांगतो.

पॅड काढले की प्लेट ब्रेक क्लीनरने पुसा. चार-पाच ठिकाणी मोजा, सगळ्यांत कमी आकडा धरा. तो मर्यादेच्या जेमतेम वर असेल तर नवे पॅड संपायच्या आतच प्लेट बाद होणार, म्हणून दोन्ही एकदमच बदला. पातळ प्लेट लवकर तापते. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ती उष्णता कॅलिपरमार्गे, म्हणजे पॅड प्लेटवर दाबणाऱ्या भागातून, ब्रेक ऑइलपर्यंत गेली आणि ऑइल उकळलं, की लिव्हर मऊ पडतो. लिव्हर थरथरत असेल तर प्लेट वाकली असेल; डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक, लावून चाक हळू फिरवा. बऱ्याच गाड्यांना ०.३ मिलिमीटरपर्यंतच लचक, म्हणजे फिरताना प्लेटचं आतबाहेर डोलणं, चालते. भोकांपाशी तडा दिसला तर मोजूच नका, प्लेट बाद. लेथवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. अर्धाच मिलिमीटर हातात असताना ते कातणार काय? आतला-बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात का ते बघा. पॅड बसवल्यावर लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा, मगच गाडी हलवा.

मायक्रोमीटर पिशवीत आहे. चहाआधी मोजून घ्या, मात्र आत्ताच घाट उतरून आलेल्यांनी प्लेट आधी गार होऊ द्यावी.