मला प्यायला दे : केडगावच्या 'मुक्ती'ची गोष्ट

(दृश्य : उन्हातली जुनी दगडी विहीर, काठावर घागर. काही क्षण नुसता रहाटाचा आवाज.)

भर दुपार. सुखार गावाबाहेर याकोबाची विहीर. चालून दमलेला येशू काठावर बसलाय, शिष्य अन्न विकत घ्यायला गावात गेलेत. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते आणि प्रभू तिला म्हणतो, "मला प्यायला दे."

योहानाच्या शुभवर्तमानाचा हा चौथा अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. उपदेशात भर असतो तो पुढच्या भागावर. तिचे पाच नवरे, जिवंत पाणी, आत्म्याने आणि खरेपणाने करायची उपासना. प्रभूने आधी तिच्याकडे काही मागितलं, हे मागे राहून जातं. ज्या बाईच्या हातचं पाणी यहुदी माणसाला चालत नव्हतं, तिच्याकडे. विटाळ म्हणजे काय हे ज्या मुलखात कुणी समजावून सांगावं लागत नाही, तिथे तरी हे मागणं कानाआड व्हायला नको होतं.

(दृश्य : पुणे–दौंड लोहमार्ग, केडगाव स्थानकाची पाटी, उसाची शेतं.)

हा अध्याय पुणे जिल्ह्यात विटा-मातीत उभा राहिलेला पाहायचा असेल तर दौंड तालुक्यातल्या केडगावला यावं. पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी उभारलेली 'मुक्ती' ही संस्था इथे आहे.

रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे गाढे पंडित. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं पायी हिंडलं. दुष्काळात आई, वडील, बहीण सगळे गेले. उरलेले दोघं, रमाबाई आणि त्यांचा भाऊ, कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे लग्न, मुलगी मनोरमा आणि १८८२ मध्ये वैधव्य. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात राहिल्या आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला.

ही वाट कुठून सुरू झाली ते त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. लंडनमध्ये मठाची एक शाखा होती. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देण्याचं काम तिथल्या भगिनी करत. त्या घरातून सावरलेल्या काही बायका आता आजाऱ्यांची सेवा करताना रमाबाईंनी पाहिल्या. असं का करता, हे त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीने व्याख्यान दिलं नाही, योहानाचा चौथा अध्याय काढून वाचून दाखवला.

क्रम लक्षात घ्या. रमाबाईंनी आधी काम पाहिलं आणि मग वचन ऐकलं. आपल्याकडे बहुतेकदा उलटं होतं, आणि दुसरी पायरी यायच्या आत उपासना आटोपते.

(दृश्य : रमाबाईंचं छायाचित्र, पांढरं लुगडं, आखूड केस.)

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी डोकं गहाण टाकलं नाही. त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या सिद्धान्तावरून मठातल्या गुरुभगिनींशी त्यांचा पत्रांतून मोठा वाद चालला. ख्रिस्ताच्या मंडळीची मी सभासद आहे, पण पाद्री आणि बिशप म्हणतील तो प्रत्येक शब्द मान्य करायला बांधलेली नाही, असं त्यांनी साफ लिहिलं. मांसाहार तर इंग्लंडातही केला नाही. विश्वास आणि आज्ञाधारकपणा एकच, असं समजणाऱ्या आपल्या मंडळ्यांनी ही पत्रं वाचायला हवीत.

१८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. रमाबाई दार उघडं ठेवून प्रार्थना करत; मुली तिथे येऊन बसू लागल्या तसा गहजब झाला. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एकच बाजू सांगून भागणार नाही. धर्माच्या बाबतीत हात लावणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. दार उघडं ठेवून प्रार्थना करणं म्हणजे दबाव का, हा प्रश्न त्या वेळी खरा होता आणि आजही ख्रिस्ती संस्थांना तो टाळता येत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्यांतल्या मुलींची अवस्था पाहिली. आपलं लहानपण त्यांना आठवलं नसेल तरच नवल. शेकडो जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर छपरं उभी राहिली. याकोबाचं पत्र म्हणतं की उघड्यावाघड्या, उपाशी माणसाला 'सुखाने जा, ऊब घ्या' एवढंच म्हणून काय उपयोग? केडगावला त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे धान्य, लुगडी आणि विहिरी. १९०० पर्यंत इथे दीड हजारांच्या घरात माणसं होती.

(दृश्य : हातमाग, घाणा, गोठा, छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं.)

एवढ्या जणींना नुसतं पोसता आलं असतं. देणगीदारांना तेही चाललं असतं. दयेचं छायाचित्र चांगलं निघतं. पण इथे प्रत्येकीच्या हाताला काम होतं. शेत, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. दुष्काळातून आलेल्या मुलीला कुणी म्हणत होतं, तुझ्या हातचं आम्हाला हवंय. विहिरीवरचं ते मागणं मला इथे ऐकू येतं.

समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' झालं. लंडनमध्ये पाहिलेलं काम मराठी मुलखात आलं. आंधळ्या मुलींसाठी 'बार्तिमी सदन' झालं आणि मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल शिकवलं. हे नाव मार्कच्या दहाव्या अध्यायातल्या बार्तीमयाचं. यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा. त्याला काय हवं ते उघड दिसत होतं, तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? मदत करायला निघालेल्या माणसाला हे विचारायचं सुचत नाही. आपण ठरवूनच निघतो : घोंगड्या वाटू, फळं वाटू, नाताळच्या आठवड्यात.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती झाली. रात्र रात्र प्रार्थना, रडणं, पापांची कबुली. जगभरची ख्रिस्ती नियतकालिकं त्याविषयी लिहू लागली आणि आजही मुक्तीचं नाव निघालं की अनेकांना आधी तेच आठवतं. मला मात्र त्याच सुमाराला सुरू झालेलं दुसरं काम जास्त थक्क करतं.

(दृश्य : जुन्या मराठी पवित्र शास्त्राची पानं, बोट ओळीवरून फिरतंय.)

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र मुळातून मराठीत आणायला बसल्या. भाषा अशी हवी होती की शेतातून आलेल्या बाईला स्वतः वाचून कळावी. ऐकू कमी येत होतं, तब्येत ढासळत होती. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेचा कारभार सांभाळणारी, एकुलती एक. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची प्रुफं त्यांनी तपासून संपवली होती, असं सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून झाला.

आपल्या मंडळ्यांत हे भाषांतर रुळलं नाही. व्यासपीठावर बायबल सोसायटीचंच असतं, आणि त्यात काही चूक नाही. पण या ग्रंथाचे खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्या बायका होत्या. शोमरोनी बाईचा अध्यायही त्यांनीच अक्षर अक्षर लावून जुळवला.