कंट्रोलर कुठं गेला?

(पडद्यावर: जुना मॉनिटर. एकाच आकड्यांचा तक्ता, शेजारी त्यांचाच आलेख.)

१९७९. कॅलिफोर्नियातली झेरॉक्स पार्क ही प्रयोगशाळा. नॉर्वेहून पाहुणे म्हणून आलेले ट्रिग्वे रीनस्काउग इथं स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेत काम करताहेत. प्रोग्रामचे ते तीन वाटे करतात. मॉडेल म्हणजे माहिती. व्ह्यू म्हणजे तिचं पडद्यावरचं रूप. आणि कंट्रोलर, कीबोर्ड-माऊसकडे कान लावून बसलेला. या मांडणीचं नाव मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर.

खरी गंमत पहिल्या दोघांत होती. एक आकडा बदला: मॉडेल हाक मारणार आणि तक्ता, आलेख दोन्ही जागच्या जागी ताजे होणार.

वेबवर ही हाक पोचायचीच नाही. ब्राउझरनं रिक्वेस्ट पाठवली, सर्व्हरनं पान बनवून दिलं, विषय संपला. मागं डेटाबेसमध्ये काहीही उलथापालथ होवो, रिफ्रेश केल्याशिवाय उघडं पान हूं की चूं करत नाही.

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर हे नाव मात्र कुणी सोडलं नाही.

(पडद्यावर: कोड एडिटर. डावीकडे फोल्डरांची यादी.)

२००४ साली आलेलं रूबी ऑन रेल्स, वेबसाइट बांधायची तयार चौकट, म्हणजे फ्रेमवर्क. 'अ‍ॅप' फोल्डर उघडा: मॉडेल्स, व्ह्यूज, कंट्रोलर्स, तिघंही हजर. पण या कंट्रोलरनं माऊस कधी पाहिलेलाच नाही. कोणता पत्ता कुणाकडे जायचा हे ठरवणारा राउटर त्याच्या हाती रिक्वेस्ट ठेवतो, तो मॉडेलकडून, समजा, पाचव्या क्रमांकाची पोस्ट मागवतो आणि टेम्प्लेटकडे, म्हणजे पानाच्या साच्याकडे, सरकवतो. पाटी जुनी, नोकरी नवी. त्यात कुठं काय लिहायचं हे सुचलं नाही की सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, आणि बघता बघता फाइल हजार ओळींची होते.

जँगो हे पायथॉन भाषेतलं असंच फ्रेमवर्क २००५ मध्ये लोकांपुढं आलं, अमेरिकेत कॅन्सासमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून. रेल्सवरून इथं येणारा हमखास गोंधळतो. 'व्ह्यूज' नावाची फाइल उघडावी, तर आत एचटीएमएलचा टॅगही नाही. नुसती फंक्शन्स, रिक्वेस्ट घेणारी आणि रिस्पॉन्स देणारी. जँगोवाल्यांचं म्हणणं असं: कोणती माहिती दिसावी हे व्ह्यू ठरवतो, कशी दिसावी ते टेम्प्लेट. मग कंट्रोलर? तो म्हणजे अख्खं फ्रेमवर्कच. मला हे उत्तर थोडं पळवाटीचं वाटतं, पण रेल्सपेक्षा प्रामाणिक.

(पडद्यावर: ब्राउझर. इनपुटमध्ये एकेक अक्षर टाइप होतंय, वरचं शीर्षक बदलत जातंय.)

पुढं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क्स आली आणि तुटलेली हाक ब्राउझरच्या आत पुन्हा ऐकू येऊ लागली. आता या नव्या मांडणीला म्हणायचं काय, यावरून वाद पेटला. २०१२ मध्ये अँग्युलर या त्यांतल्याच एका फ्रेमवर्कच्या टीमनं तो आपल्यापुरता मिटवला: मॉडेल, व्ह्यू आणि 'व्हॉटेव्हर', म्हणजे काहीही चालेल.