उपसागराचं बातमीपत्र नागपुरात ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरकरांना जवळचा समुद्र कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण मुंबईकडे बोट दाखवतील. प्रत्यक्षात सरळ रेषेत मुंबई आपल्यापासून जवळपास ७०० किलोमीटर आहे आणि विशाखापट्टणम ६०० किलोमीटरच्या आतबाहेर. अंतराचं सोडा, पण जुलै-ऑगस्टात आपल्याकडे जी तीन-तीन दिवसांची झड लागते, ती बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातूनच निघालेली असते. म्हणून ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना ‘समुद्रात जाऊ नका’ असा इशारा दिला गेला, की तो आपल्या कामाचा नाही असं समजून रेडिओ बंद करू नका.

त्या इशाऱ्यातले शब्द आधी नीट समजून घेऊ. कमी दाबाचं क्षेत्र, अवदाब म्हणजे डिप्रेशन, तीव्र अवदाब आणि मग चक्रीवादळ, अशा या चढत्या पायऱ्या. हवामान खातं त्या मुख्यतः वाऱ्याच्या वेगावरून ठरवतं. ताशी ३१ किलोमीटरच्या खाली वारा असेल तर ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ३१ ते ४९ असला की अवदाब, ५० ते ६१ म्हणजे तीव्र अवदाब आणि ६२ पासून पुढे चक्रीवादळ, ज्याला नाव मिळतं. समुद्रावरच्या बातमीपत्रात वेग ‘नॉट’मध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा ढोबळमानाने दुप्पट करून थोडं कमी करा. आणि ‘नैर्ऋत्य वारा’ म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा वारा. समुद्राच्या प्रवाहाचं मात्र उलट असतं, तो ज्या दिशेला जातो ते नाव त्याला देतात. इथे भले भले चुकतात.

‘समुद्र खवळलेला’ हेसुद्धा मोघम बोलणं नाही. लाटा अडीच ते चार मीटर असल्या की खवळलेला, चार ते सहा मीटर म्हणजे अति खवळलेला. ही जी उंची सांगतात ती सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे ‘तीन मीटर’ ऐकून निघालेल्या होडीला मधूनच पाच-साडेपाच मीटरची लाट भेटू शकते. होडी उलटते ती बहुधा अशा एखाद्या लाटेने.

आता, हे कमी दाबाचं क्षेत्र उपसागरातच एवढं का तयार होतं? हे क्षेत्र म्हणजे गोल फिरणाऱ्या वाऱ्यांचं चक्र, आणि अशा चक्राला खाद्य लागतं ते कोमट पाण्याचं. पृष्ठभागाचं तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर असावं लागतं, आणि ही ऊब नुसती वरवर असून भागत नाही, कित्येक मीटर खोलपर्यंत असावी लागते. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती यांचं गोडं पाणी येऊन पडतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे वरच तरंगत राहतं. वारा सुटला तरी खालचं गार पाणी सहजी वर घुसळून येत नाही. अरबी समुद्रात पावसाळ्यात नेमकं उलटं घडतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोरदार वारे खालचं थंड पाणी उपसून वर आणतात.

मग पाणी एवढं कोमट असूनही जुलै-ऑगस्टात मोठं चक्रीवादळ का होत नाही? कारण खाली पश्चिमेचा जोराचा वारा आणि वर १४-१६ किलोमीटरवर पूर्वेचा तितकाच जोराचा. चक्राचा खांब उभा राहायच्या आतच वरचा भाग एकीकडे, खालचा एकीकडे ओढला जातो. वादळाचे हंगाम म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, एप्रिल ते जूनची सुरुवात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या चार महिन्यांत येतात ती कमी दाबाची क्षेत्रं आणि अवदाबच, सरासरी तेरा-चौदा. आपली धानाची रोवणी त्यांच्याच जिवावर होते.

पुरी-पारादीपच्या आसपास किनारा ओलांडून अशी क्षेत्रं पश्चिम-वायव्येला सरकतात. ताशी पंधरा किलोमीटर धरले तर दिवसाला साडेतीनशे, म्हणजे आपल्यापर्यंत यायला दोन दिवस. पण खरा प्रश्न केंद्र कुठे येणार हा नसून ते कोणत्या बाजूने जाणार हा आहे. चालत्या अवदाबाचा मुसळधार पाऊस केंद्रावर नसतो. तो त्याच्या नैर्ऋत्येला, म्हणजे डाव्या हाताला पुढे पडतो. हे चक्र वर जाताना नैर्ऋत्येकडे कलतं आणि अरबी समुद्राकडून येणारा वारा त्याच बाजूला त्याला येऊन भिडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडमधून जबलपूर-मंडल्याकडे निघालं तर पूर्व विदर्भाची खैर नाही. तेच तेलंगणावरून गेलं तर जोर आपल्या दक्षिणेला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, त्याचा उरलेला भाग तेलंगणावरून पश्चिमेला सरकला, मराठवाड्याला त्याने झोडपून काढलं आणि पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळ धरून ‘शाहीन’ या नावाने तो ओमानला धडकला.

तेव्हा घरात एक साधा नकाशा लावा. बातमीपत्रात केंद्राची जागा सांगतात, ती पेन्सिलने टिपा आणि दुसऱ्या दिवशीची जागा तिला जोडा. ती रेघ पुढे वाढवली तर नागपूर तिच्या डावीकडे येतं की उजवीकडे, एवढंच बघायचं. डावीकडे असेल तर फवारणी थांबवा, औषध वाहून जाईल. सोयाबीनच्या चऱ्या मोकळ्या करा. युरिया द्यायची घाई नको.

अंदाजातल्या ‘ठिकाणां’वरही कान ठेवा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक-चतुर्थांशांपर्यंत, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. तुमच्या शिवारात पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. ‘अति मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर, आणि हे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात.

वैनगंगेकाठी राहणाऱ्यांनी आपल्या आभाळावर विसंबू नये. नदी सिवनीतून उगवते, बालाघाटवरून येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहरात पाणी शिरलं होतं. रेघ सिवनी-बालाघाटच्या वरून जाताना दिसली, की गोसीखुर्द धरणाच्या वरच्या गावांनी पाण्याच्या मोटारी आणि जनावरं त्याच संध्याकाळी काठावरून हलवावीत, भलेही आपल्या गावात ऊन पडलेलं असो.